खंगर विटांवरची साय

मेहरूण, जळगाव (पूर्व खानदेश)
९ जानेवारी १९५६

रा. रा. रुपचंदराव, धुळे वॉटरवर्क्सचे आधारस्तंभ, यांस चुडामणचा नमस्कार.

साडेसहा वर्षांनी पत्र आले म्हणून दचकू नका. इकडे सगळे सुखरूप आहे. तुमची बहीण सुखरूप आहे, तुमचा भाचा लीलाधर भुसावळला रेल्वेत चिकटला आहे, आणि तुमच्या लग्नात मला आहेर म्हणून मिळालेला टॉवेलही सुखरूप आहे. थोरल्या साडूंना जरीकाठी उपरणे आणि मला टॉवेल! जपून ठेवला आहे. त्याने अंग पुसले जात नाही, त्यामुळे झिजण्याची भीती नाही.

असो. कामाचे लिहितो. मुंबईचे आमचे केळीचे अडते रतिलालशेठ यांनी मला सात रंगीत मासे भेट दिले. जपानी जात, तांबडा-सोनेरी रंग. रॉकेलचा डबा स्वच्छ धुऊन त्यातून रेल्वेने आणले. नाशिकपासून जळगावपर्यंत प्रत्येक उतारूने "काय शे यामा?" असे विचारून माझे डोके उठवले. विहिरीशेजारी सिमेंटचा हौद बांधला, बारा फूट बाय आठ फूट. जळगावात दुसरा नाही. वकील-डॉक्टर मुद्दाम बघायला येतात. पण पंधरा दिवसांत पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखे झाले. पाहुणे हौदाकडे बघतात आणि मासे आहेत यावर माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवतात. सगळे पाणी उपसून विहिरीचे ताजे भरले, तर दोन मासे त्याच दिवशी गेले.

तुम्ही म्हणे सबंध धुळ्याचे पाणी गाळता. तर हौदाच्या गाळणीत काय भरावे, ते कळवा. माझ्याकडे जागा आहे, माणसे आहेत. फक्त अक्कल धुळ्याहून मागवायची आहे.

आपला,
चुडामण

---

धुळे (पश्चिम खानदेश)
१६ जानेवारी १९५६

ती. दाजीसाहेबांच्या चरणी रुपचंदचा दंडवत.

पत्र वाचून भरून आले. टॉवेलाची तब्येत कळली, बहिणीची एका ओळीत कळली, माशांची दीड पानात कळली. ज्याचे जेवढे महत्त्व तेवढी जागा, हे योग्यच.

टॉवेल माझ्या सासऱ्यांनी आणला होता. त्यांना तुमची योग्यता ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, पण नवरदेवाला त्या दिवशी कोण विचारतो? त्या टॉवेलापायी तुम्ही अक्काला सहा आखाज्या माहेरी धाडले नाही. गल्लीतल्या सगळ्या लेकी अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, येतात, गौराईची गाणी म्हणतात, झोके घेतात. आई दर वर्षी निंबाला अक्कासाठी वेगळा झोका बांधायला लावते आणि दुसऱ्या कोणाला त्यावर बसू देत नाही. मला अक्काने मांडीवर वाढवले आहे, म्हणून हे लिहायचा हक्क माझा आहे.

आता सल्ला. सगळे पाणी एकदम बदलू नका, माशांना ते सोसत नाही. हौदाच्या काठावर उंच ओट्यावर एक पिंप ठेवा. वरून हौदाचे पाणी ओतायचे, खालच्या नळीने गाळून परत हौदात. आत असे काही भरा, जे कुजत नाही, विरघळत नाही आणि ज्याच्या अंगाला भोके आहेत. नेमके काय, ते पुढच्या पत्री. माझी फी एकच आहे: या आखाजीला अक्काला पाठवा.

रुपचंद

---

मेहरूण
४ मार्च १९५६

फिल्टरसाहेबांस नमस्कार.

तुम्ही कोडे घातलेत, पण आम्ही काही दूधखुळे नाही. पिंप बसवले. आधी जिनिंगमधून चांगली धुतलेली रुई आणून भरली. तीन दिवस पाणी झकास आले. चौथ्या दिवशी असा वास सुटला, की आमचा सालदार वना घूस मेली म्हणून गोठा खणायला निघाला. मग केळीच्या खांबाचे सोपट भरले. केळीला जे जमत नाही ते जगात कशालाच जमत नाही, असे मी समजत होतो. ते दोन दिवसांत सडून तपकिरी रस्सा आला. मग गिरणेची बारीक वाळू भरली, तर वरचे पाणी वरच राहिले. शेवटी नर्मदेचे गुळगुळीत पांढरे गोटे मागवले. दिसतात मोठे सुरेख. पाणी हिरवे जाते आणि हिरवेच बाहेर येते, पण वाटेत शोभा वाढते.

एक मासा मलूल होता. तांब्यातले पाणी शुद्ध, म्हणून त्याला तांब्याच्या घंगाळात वेगळा ठेवला. तिन्हीसांजेपर्यंत तो पुरताच शुद्ध झाला. आता चार उरले.

तेव्हा कोडी पुरे, उत्तर लिहा. आखाजीचे पाहू. बायकांना माहेरचे निमित्तच लागते.

चुडामण

---

धुळे
१० मार्च १९५६

ती. दाजीसाहेबांस दंडवत.

रुई, सोपट, वाळू, गोटे. पिंपात वरण-भात तेवढा घालायचा राहिला. तांबे माणसाला अमृत आणि माशाला विष. घंगाळ आंघोळीलाच ठेवा.

आता सरळ लिहितो, कारण चार जीव टांगणीला आहेत. वीटभट्टीवर जास्त भाजून वाकडीतिकडी झालेली, कोणी घेत नाही अशी खंगर वीट मिळते. तिचे लिंबाएवढे तुकडे करा. पिंपाच्या तळाला गोटे, तुमच्या शोभेचे चालतील. त्यावर दीड हात खंगर, वर चार बोटे जाड वाळू. कोळसा घातलात तर महिनाभर चांगला, मग तो थकतो.

आणि मग वाट पाहा. दीड महिना काही होणार नाही, तुम्ही मला शिव्या द्याल. नंतर विटांवर एक तांबूस, बुळबुळीत साय धरेल. आमच्या खात्यात नव्या साहेबांना ती घाण वाटते. दाजी, ती सायच खरा फिल्टर आहे, वीट नुसती तिला राहायला घर आहे. माशांची घाण ती खाते. गुळगुळीत गोट्यावर काही धरत नाही, तसेच गुळगुळीत माणसाचे. साबण नको, सोडा नको, ऊन नको. पिंप तुंबलेच, तर दोन-चार तुकडे काढून हौदाच्याच पाण्यात खळबळून परत ठेवायचे. पाणी दिवसातून दोनदा फिरले पाहिजे. खंड पडला तर साय मरते.

एक शंका. पाणी आपल्या पायांनी पिंपावर चढत नाही. ते चढवतो कोण?

रुपचंद

---

मेहरूण
२० मे १९५६

नमस्कार.

पाणी काचेसारखे झाले! तळाला पडलेली आणेली वरून वाचता येते. वकीलसाहेब म्हणाले, "चुडामणशेठ, तुम्ही इंजिनेर व्हायचे." मी म्हटले, आपली विद्या केळीत गेली. खंगर विटा तुमच्या, हे मी कबूल करतो. पण त्या कोणत्या भट्टीवरून आणाव्या, हे शेवटी मीच ठरवले.

साय तुम्ही लिहिली तशीच धरली. हाताला पिकल्या केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी लागते. चांगली असली की तळ्याकाठच्या मातीचा वास येतो, भूक लागली की आंबूस. अशी सूक्ष्म निरीक्षणे आम्ही ठेवतो. पाणी चढवण्याची व्यवस्था आहे, तुम्ही काळजी करू नका. ते आपोआप होते.

आखाजीला तुमची बहीण निघालीच होती. ऐन वेळी गुडघा धरला.

चुडामण

---

धुळे
२८ मे १९५६

दंडवत.

अक्काचा गुडघा मोठा धर्मनिष्ठ आहे, पंचांग बघून धरतो. आईने सातव्यांदा झोका बांधला आणि सातव्यांदा सोडवला.

माझी फी बुडाली, तिचे सोडा. पण तुमच्या निरीक्षणांनी मी चकित झालो. ज्या गृहस्थाला केळे सोलूनही दुसऱ्याने हातात द्यावे लागते, त्याने पिंपात हात घालून साय चोळली, हुंगली आणि तिची भूक ओळखली? तो हात कोणाचा ते मी विचारत नाही. विचारले तर पुन्हा कोणाचा तरी गुडघा दुखायचा.

रुपचंद

---

धुळे
२ एप्रिल १९५७

ती. दाजींस रुपचंदचा नमस्कार.

आज थट्टा करायला मन नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, पण नजर आली नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. दवाखान्यातून घरी येताना टांग्यात अक्काचे नाव घेऊन म्हणाली, "झुंबरले आते पाहू शकाव नही. हात तरी लावू दे रे." यंदा आखाजी दोन मेला आहे. टॉवेलाची माफी मी मागतो, सासऱ्यांच्या वतीनेही मागतो. तिला पाठवा, दाजी.

रुपचंद

---

मेहरूण
९ एप्रिल १९५७

रुपचंदरावांस नमस्कार.

वाचून वाईट वाटले. तुमच्या बहिणीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, म्हणजे आम्हीही अर्धपोटीच होतो. सव्वीस तारखेच्या मोटारीने पाठवतो. आखाजी झाली की चार मेला परत. चुडामणचे घर बाईवाचून आठ दिवस अडते असे कोणी समजू नये.

रतिलालशेठने आणखी दोन मासे दिले. एकाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके निघाले. त्याला मी गोठ्यामागच्या दगडी डोणीत वेगळा काढला, खडेमीठ घातले, पिंपातले साय धरलेले चार तुकडे सोबतीला ठेवले. आता ठणठणीत आहे, पण आणखी महिनाभर वेगळाच ठेवणार. हे सगळे आम्हाला सुचते, धुळ्याला विचारावे लागत नाही.

जाण्याआधी तुमची बहीण सारखे "सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस" असे काहीतरी सांगत मागे फिरते आहे. बायकांचे बोलणे सगळेच मनावर घेतले तर माणसाने केळी केव्हा लावावी?

चुडामण

---

मेहरूण
२९ एप्रिल १९५७
(एक्सप्रेस)

रुपचंद,

तारही केली आहे. तुझ्या बहिणीला ताबडतोब पाठव. मासे वर येऊन तोंडे उघडताहेत. पाणी दुधाळ झाले आहे. एक गेला.

काय झाले ते लिहितो, पण हसू नकोस. आखाजीच्या आधी ती घरातली झाडून सगळी भांडी घासते, भिंती सारवते, डबे उन्हात टाकते. यंदा ती नाही, तर निदान फिल्टर आपण चकचकीत करून ठेवू, परत आल्यावर बघेल, असे मनात आले. मी आणि वनाने सगळ्या विटा उपसल्या. सोडा लावून घासल्या, काहिलीत उकळल्या, दोन दिवस गच्चीवर वाळवल्या. विटा अगदी नव्यासारख्या लाल निघाल्या. मला इतका आनंद झाला होता!

पाणी चढवायला वनाला सांगितले. पंचविसाव्या बादलीला त्याची कंबर धरली आणि तो घरी गेला, तो आलाच नाही. म्हणाला, "अक्काच करू जाने भाऊ, आम्हना काम नही." चाळीस म्हणजे काय ते मला काल कळले.

उद्याच्या पहिल्या मोटारीने तिला बसव.

चुडामण

---

धुळे
३ मे १९५७

चुडामण दाजी,

तुमची तार तीस तारखेला आली, पत्र एक तारखेला. दोन्ही मी कोटाच्या खिशात घातली आणि आखाजी होईपर्यंत अक्काला दाखवली नाहीत. मला जी शिवी द्यायची ती द्या. आठ वर्षांनी ती निंबाच्या झोक्यावर बसली होती. तुमच्या माशांसाठी मी तो झोका थांबवला नाही, आणि पुन्हा वेळ आली तरी थांबवणार नाही.

आता दुसरे ऐका. अक्का आली, आईच्या पायाशी बसली. आईने तिचे तोंड चाचपले, मग हात हातात घेतले. तळव्यांना हे एवढे घट्टे, बोटांच्या पेरांत दोरीच्या भेगा. आई म्हणाली, "तुना हातले काय व्हयनं वं माय? जवाई तुले मोटले जुपस का?" अक्का नुसती हसली. मी मात्र उठून बाहेर गेलो. 'आपोआप होते', असे लिहिले होते ना तुम्ही? चौदा महिने रोज ऐंशी बादल्या आपोआप होत होत्या. गुडघाही त्याच बादल्यांनी धरला असेल, नाही का? तिला गेल्या आखाजीला न पाठवण्याचे कारण टॉवेल नव्हताच. ती गेली तर तुमचा हौद दोन दिवसांत नासेल, हे तुम्हाला पक्के माहीत होते. आणि ते कोणाला कळू नये, हेही.

काल रात्रीची जेवणे झाल्यावर तार तिच्या हातात दिली. माझ्यावर भडकली, "मुक्या जिवांनी तुझं काय वाकडं केलं होतं?" म्हणाली. तिचे बरोबर आहे. आणि लगेच तुमच्यासाठी सांगितले ते लिहितो. माशांना खायला बंद करा. हौदाचे चौथा हिस्सा पाणी रोज बदला, जास्त नाही. डोणीतला मासा बरा होऊन महिना होत आला; त्याच्यासोबतचे चार तुकडे तुम्ही घासले नसतील, कारण गोठ्यामागे तुम्ही कधी जात नाही. ते पिंपात मधोमध ठेवा, त्यांच्यावरून साय पसरेल. पाणी सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. स्वतः ओता.

ती चार तारखेला येत नाही.

रुपचंद

---

मेहरूण
७ मे १९५७

लीलाधरच्या आईस,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. काय मायना घालतात ते ठाऊक नाही.

दोन मासे मेले. तीन हौदात जिवंत आहेत आणि डोणीतला एक. तुकडे जागेवर होते, पिंपात ठेवले. कालपासून मासे खाली बसू लागले आहेत. पाणी मी स्वतः ओततो. पहिल्या दिवशी सोळा झाल्या आणि ओट्यावरच बसलो. आता चाळीस होतात, पण मध्ये तीनदा बसतो. तू बसत होतीस का, ते मी कधी पाहिले नाही. हौदाच्या त्या बाजूला मी पाहुण्यांना घेऊन उभा असायचो आणि तू आत जायचीस. मी सगळ्यांना फिल्टर दाखवला. रुपचंदने लिहिले ते खरे आहे. टॉवेलाचा राग महिन्याभरात गेला होता. पण तुझ्यावाचून घर चालत नाही, हे कबूल करायचे टाळायला टॉवेलापेक्षा चांगले निमित्त सापडले नाही. हौद नव्हता तेव्हा गोठा होता, गोठ्याआधी लीलाधरची शाळा होती. मला लाज वाटते.

ये म्हणत नाही. आईंजवळ राहा. किती दिवस, ते तू ठरव.

वकील काल आले होते. फिल्टर कसा चालतो विचारत होते. म्हटले, माझी बायको चालवते, ती माहेरी गेली आहे. मग त्यांना बादली दिली. सात ओतून गेले.

चुडामण

---

धुळे
११ मे १९५७

लीलाधरच्या वडिलांस नमस्कार.

पत्र मिळाले. रुपचंदने फोडायला हात पुढे केला, मी दिले नाही. मी तिथे असेपर्यंत आलेली त्याची सगळी पत्रे मीच तुम्हाला वाचून दाखवली, कारण चाळशी लावली की तुमचे वय दिसते. त्यामुळे त्याने माझ्याबद्दल काय लिहिले आणि ऐकताना तुम्ही कुठे बघत होता, दोन्ही मला माहीत आहे. 'आपोआप' हा शब्द मात्र लिहायला बसताना तुम्ही दार लावून घेतले होते, म्हणून आत्ता रुपचंदकडून कळला.

मी बसत नव्हते. बसले की पुन्हा उठवत नाही. तुम्ही दहा-दहाने ओता आणि मध्ये मासे बघा, म्हणजे बरे वाटते. मला ते मासे आवडतात. कोणी सांगितले म्हणून मी पाणी ओतत नव्हते, हेही तुम्हाला कळू द्या. पण त्यांच्या नावावर माझी आई गहाण टाकायची नव्हती. तिने माझे तोंड शेवटचे पाहिले तेव्हा माझे केस काळे होते. आता पांढरे आहेत ते तिला मी सांगितलेच नाही. या गोष्टीचा मला राग आहे, आणि तो एका पत्राने जायचा नाही.

मी मिरगाच्या चार दिवस आधी निघेन. न्यायला तुम्ही या. भुसावळहून लीलाधरला दोन दिवस रजा घ्यायला लावा, त्याला पाणी ओतायला शिकवा, त्याच्याही लग्नाचे वय झाले. पुढच्या आखाजीचे आत्ता काही विचारू नका. मी विचारणार नाही, मी येईन.

हे पत्र आईच्या उशाशी बसून लिहिते आहे. ती मघापासून विचारते, काय लिहितेस, कोणाला लिहितेस. सांगितले. मग म्हणाली, "जवाई काय करस आते?"

मी म्हटले, "रोज ऐंशी बादल्या पाणी ओततात. स्वतः."

तिने माझा हात पुन्हा चाचपला. म्हणाली, "मंग चांगला शे. त्याले म्हन, जेवाले ये."

झुंबर